सीताफळाचं कॉकटेल दर वेळी कडू होतंय? आधी रमला शिव्या देणं थांबवा

ऑक्टोबर आला की माझं डोकं फिरतं. ऊन असं की दुपारी बाल्कनीत टाकलेली चादर अर्ध्या तासात पापडासारखी कडक, आणि मोबाईल उघडावा तर जगभरचे लोक स्वेटर घालून सफरचंद-दालचिनीची कॉकटेल्स करतायत, ऑटम म्हणे. आता आपला ऑटम म्हणजे शरद, आणि शरदातलं आपलं फळ कुठलं तर सीताफळ. माझं माहेर पुरंदर तालुक्यातल्या सासवडचं, त्यामुळे सीताफळ आमच्याकडे किलोवर नाही, पाटीवर येतं. मग म्हटलं की सिमल्याच्या सफरचंदाच्या मागे कशाला लागायचं, सीताफळ आणि व्हाइट रम, वरून जरासं जायफळ, झालं की आपलं शरद कॉकटेल. कागदावर इतकं भारी वाटत होतं ना. आणि सलग तीन वर्षं ते कडू झालं.

कडू म्हणजे कसं ते नीट सांगते कारण सगळा घोळ तिथेच आहे. पहिला घोट मस्त, गोड, सीताफळाचा वास, आणि गिळल्यावर दोन सेकंदांनी जिभेच्या मुळाशी काहीतरी येऊन बसतं. कारल्यासारखं सरळ कडू नाही, कडुलिंबाची काडी चावून थुंकल्यावर मागे राहतं ना तसलं. साखर वाढवली तर गोडही आणि कडूही, म्हणजे खोकल्याचं औषध. नवऱ्याने एकदा ग्लास हातात धरून गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर.

पहिल्या वर्षी मी रमला दोष दिला. स्वस्तातली होती म्हणून असेल, म्हणून पुढच्या वर्षी महागातली आणली, ती पण आधीच आणून ठेवावी लागली कारण २ ऑक्टोबरला ड्राय डे आणि आमचा बेत नेमका त्याच शनिवार-रविवारी. (परमिट आणि पंचविसाव्या वर्षाची अट महाराष्ट्रात आहेच, ते तुमचं तुम्ही बघा.) तरी कडू. मग लिंबावर संशय. लिंबू खूप जोरात पिळलं की सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडवटपणा उतरतो हे खरंच आहे, म्हणून तिसऱ्या वर्षी लिंबू अगदी बाळाला अंघोळ घालतात तसं हळुवार पिळलं. तरी कडू. मग जायफळ बंद. मग दालचिनी बंद. शेवटी ग्लासात उरलं काय, तर रम, सीताफळ आणि माझा संताप.

आता मी गर कसा तयार करायचे ते ऐका. कृती उचललेली होती सफरचंदाच्या कॉकटेलवरून. त्यात फळाच्या फोडी, साखर, पाणी आणि दालचिनीचा तुकडा हे सगळं मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवायचं, गार करून गाळायचं आणि ते सिरप रममध्ये. मी फक्त सफरचंद काढून तिथे सीताफळ घातलं. डोक्यात विचार एवढाच की फळ ते फळ. सफरचंद शिजवलं की छान लागतं, पेअर पण लागतं, मग ह्याला काय धाड भरलीय.

तिसऱ्या वेळी मात्र मी चिडून वाट्या मांडल्या. पाच स्टीलच्या वाट्या, बुडाला पेनाने आकडे टाकलेले म्हणजे वरून काही कळू नये. एकाच मोठ्या फळाचा हाताने काढलेला गर, प्रत्येक वाटीत दोन-दोन चमचे. पहिल्या वाटीत नुसता गर. दुसरीत गर आणि चमचाभर रम. तिसरीत गर आणि लिंबाचे पाच-सहा थेंब. चौथीत गर आणि किसलेलं जायफळ, चिमटीत मावेल तेवढं. पाचवीतला गर मी छोट्या कढल्यात साखर घालून चार मिनिटं गॅसवर ठेवला आणि मग फ्रीजमध्ये गार केला. दादा आला होता त्याला डायनिंग टेबलवर बसवलं, वाट्या पुढेमागे केल्या आणि म्हटलं सांग. त्याने चारही वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या, वर अजून आहे का विचारलं. पाचवी तोंडात घातली आणि त्याचं नाक असं काही वर गेलं, लहानपणी एरंडेल पाजल्यावर जायचं ना तसंच्या तसं. "हे काय घातलंयस ह्यात?" काहीच नाही रे बाबा, साखर आणि गॅस.

लगेच आईला फोन. आईला अर्थात रमचं काही बोलले नाही, शेक करतेय म्हणाले. ती पलीकडून भाजी निवडत असणार, आवाज येत होता.

"तू तापवलंस का गं ते?"

"हो, जरासंच."

"बाई गं. सासवडची ना तू? सीताफळ तापवतं का कुणी? बासुंदी आटवून, उतरवून, पार गार झाली की मग गर घालायचा. गरम बासुंदीत घातला तरी बिघडतं. एवढं पण शिकवलं नाही का मी तुला?"

शिकवलं होतं हो. दर वर्षी दिवाळीच्या आसपास मी स्वतः तिच्या बाजूला उभी राहून बघितलंय, पातेलं परातीत गार पाण्यात ठेवून ती पंख्याखाली बसायची आणि आम्हाला गराच्या भांड्याला हात लावू द्यायची नाही. फक्त ती बासुंदी होती आणि हे कॉकटेल, त्यामुळे एका स्वयंपाकघरातलं दुसऱ्यात आणायचं मला सुचलंच नाही. तर मुद्दा हा की सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. आंब्याचा रस डब्यात बंद होऊन वर्षभर मिळतो आणि सीताफळाचा गर बाजारात बहुतेक करून फ्रोझनच का मिळतो, त्याचं एक कारण हेच, डबाबंद करायचं तर उष्णता द्यावी लागते आणि हे फळ उष्णता सहन करत नाही.

म्हणून दुरुस्ती नंबर एक, मसाला आणि फळ वेगळं करा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, बोटाएवढा दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, हवं तर एक वेलदोडा ठेचून, हे उकळा, गॅस बंद करा, अर्धा तास झाकून ठेवा, गाळा आणि फ्रीजमध्ये टाका. सिरप झालं. गराचा आणि गॅसचा संबंधच येऊ देऊ नका. दालचिनीची पूड घालू नका, ती विरघळत नाही, वर तरंगते आणि भिजली की बुळबुळीत होते, तुकडाच बरा. लवंगा दोनच, तीन घातल्या की दातदुखीची आठवण येते.

इथे मला वाटलं संपलं. पुढच्या शनिवारी मैत्रिणी आल्या, मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना गोष्ट सांगितली, ग्लास भरले, आणि परत कडू! आधीपेक्षा कमी, पण होतंच, शिवाय ह्या वेळी दाताखाली बारीक कचकच. मला रडू यायचं बाकी होतं.

ग्लास उजेडात धरून बघितला तर पांढऱ्या गरात मिरीपुडीसारखे काळे-तपकिरी कण. चार जणींचं करायचं म्हणून मी गर मिक्सरमधून काढला होता, बिया बऱ्यापैकी वेचल्या असं मला वाटत होतं पण तीन-चार राहिल्या असणार आणि मिक्सरने त्यांचा भुगा केला. सीताफळाची बी अख्खी गिळली गेली तर ती टणक सालीमुळे तशीच बाहेर पडते, पण फुटली की आतला मगज भयंकर कडू, आणि हे नुसतं चवीवर भागत नाही. त्या बिया विषारी असतात. बियांची पूड उवा मारायला लावायची जुनी पद्धत आहे आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. तेव्हा ज्या गरात बी फुटलीय तो गर गाळून, साखर घालून, लिंबू मारून वाचवायच्या फंदात पडू नका, सरळ फेकून द्या. मी चारही ग्लास सिंकमध्ये ओतले, महागातली रम होती, काळजावर दगड ठेवून ओतले, आणि मैत्रिणींना सोडा-लिंबू दिलं.

म्हणजे कडूपणाची कारणं दोन होती आणि मी पहिलं सापडल्यावर शोधायचं थांबले होते.

गर काढायची माझी आताची पद्धत अशी. पुरणाची चाळण घ्यायची, पिठाची बारीक नाही, पुरणाची मोठ्या भोकांची. खाली पातेलं. फळ हाताने उघडून चमच्याने गर चाळणीत काढायचा, पण सालीला चिकटलेला शेवटचा थर सालीलाच राहू द्यायचा कारण तो रवाळ असतो, रेतीसारखा, आणि ग्लासात तो कितीही हलवला तरी कळतोच. मग चाळणीत हात घालून गोल गोल फिरवायचं, वाटीच्या बुडाने जोरात रगडायचं नाही, हाताने. गर खाली पडतो आणि वर काळ्याभोर चकचकीत बिया राहतात. एका मोठ्या फळाला पाच-सात मिनिटं लागतात, हात चिकट होतात, पण बी फुटत नाही. दुसरी एक पद्धत म्हणजे लाकडी रवी. गरात थोडं गार दूध घालून रवीने घुसळलं की बिया सुट्या होतात, आजी तसंच करायची. फक्त मग त्या गरात दूध आहे हे विसरू नका, त्याचं पुढे येतं. फूड प्रोसेसरचं कणीक मळायचं प्लास्टिकचं पातं असतं त्यानेही होतं म्हणतात, मी बिया असताना यंत्राच्या वाटेला जात नाही, एकदा पोळलेय.

फळाचं पण सांगते. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांच्या मधल्या भेगा रुंद होऊन पिवळसर-पांढऱ्या झालेलं, आणि अंगठ्याने दाबलं तर जरा दबणारं. कच्चं असेल तर कडू नाही लागणार, तुरट लागेल, तोंड कोरडं पडतं आणि जीभ खरखरीत होते. कडू आणि तुरट ह्यात गल्लत करू नका कारण तुरटवर उपाय सोपा आहे, दोन दिवस थांबा. कच्चं फळ घाईघाईत फ्रीजमध्ये टाकू नका, ते नीट पिकत नाही आणि साल काळी पडते. बाहेर टोपलीत कागदात गुंडाळून ठेवा, मऊ झालं की मग फ्रीज.

बाजारात हल्ली ते मोठं गोल्डन सीताफळ पण दिसतं, एनएमके-१, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपट्यांनी काढलेलं वाण. गर भरपूर, बिया कमी, पिकल्यावर टिकतंही जास्त, चार-पाच जणांचं करायचं असेल तर काम निम्म्यावर येतं. पण वासाला मी पुरंदरच्या छोट्या गावरान फळाच्याच बाजूने आहे, माहेर आहे म्हणून म्हणा हवं तर. बीडकडचे लोक इथे भांडायला येतील, त्यांच्या सीताफळाला २०१६ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण आहे, बालाघाटच्या डोंगरातलं. येऊ देत, पाटी घेऊन या म्हणावं.

आता एका ग्लासाचं माप. माझ्याकडे बारवाल्यांचं मापटं नाही, खोकल्याच्या बाटलीचं रेघा असलेलं झाकण आहे (नवऱ्याचा विनोद फुकट जाऊ नये). व्हाइट रम ४५ मिली, म्हणजे स्मॉल पेग अधिक निम्मा. गर तीन मोठे चमचे भरून. लिंबाचा रस १० ते १५ मिली, कागदी लिंबू असेल तर साधारण अर्ध्याचा. मसाला सिरप १० मिली, फळ खूप गोड असेल तर पाच. आणि मीठ, दोन बोटांच्या चिमटीत येईल त्याच्याही निम्मं. मिठाने चव खारट होत नाही, उरलासुरला कडवटपणा दबतो, करून बघा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची लोणच्याची रिकामी बरणी चालते, पण आधी वास घेऊन बघा, माझ्या पहिल्या बरणीतून कॉकटेलला कैरीच्या लोणच्याचा वास आला होता आणि खरं सांगू, तो ग्लास सगळ्यात आधी संपला. बर्फ घालून पंधरा सेकंद जोरात हलवा, गाळा, वर जायफळ दोनदाच किसणीवर घासा. जायफळ जास्त झालं तर तेही कडू लागतं आणि मग तुम्ही परत पहिल्या पायरीवर येऊन रमला शिव्या द्याल.

गाळताना चहाची गाळणी घेऊ नका, गर तिच्यात अडकून बसतो आणि खाली नुसती पातळ रम उतरते. मोठ्या भोकांची घ्या किंवा गाळूच नका, बर्फ चमच्याने अडवून ओता.

बाकीच्या तक्रारी पटापट. दूध किंवा क्रीम घातलं आणि फाटलं, तर ते लिंबामुळे, रमवर खापर फोडू नका. क्रीमी हवं असेल तर लिंबू पूर्ण बंद, गार दूध, गर, रम, सिरप, जायफळ एवढंच, किंवा लिंबू हवंच असेल तर दुधाऐवजी नारळाचं दूध, ते असं दह्यासारखं फाटत नाही. रवीवाला दुधाचा गर असेल तर तिथेही लिंबू नाही. गर तपकिरी पडतोय तर तो हवेने पडतो, सफरचंदाची फोड पडते तसाच, गर काढल्या काढल्या त्यातच लिंबाचा रस मिसळून झाकून ठेवा. ग्लासात थर होतात, खाली चोथा आणि वर पाणी, हे होणारच, गर विरघळत नाही, तरंगतो किंवा बसतो. सिरप थोडं वाढवलं की जरा वेळ धरून राहतं, पण करून ठेवून पाहुण्यांची वाट बघू नका, पाहुणे आल्यावर हलवा.

पाणचट होतंय, ही ऑक्टोबरची खास तक्रार. टेबलावर बाउलमध्ये काढून ठेवलेला बर्फ दहा मिनिटांत सुटतो आणि ओला बर्फ हलवला की निम्मं पाणी आधीच ग्लासात. बर्फ फ्रीजरमधून थेट बरणीत. मी तर गरच अर्धवट गोठवून घालते, मग बर्फ निम्मा लागतो आणि चव घट्ट राहते.

रमऐवजी फेणी चालेल का, हे गोव्याच्या नणंदेने विचारलं होतं. चालते, पण काजू फेणीचा वास सीताफळाला गिळून टाकतो, मी दोनदा केली, दोन्ही वेळा फक्त फेणीच लागली. माडाची फेणी त्यातल्या त्यात सौम्य. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची हलकी दारू, जमेल असं वाटतं पण ती निघते मार्च ते मेच्या काजूच्या हंगामात, आणि सीताफळ तेव्हा झाडावरही नसतं. डार्क रम मात्र दुधाच्या प्रकारात मस्त लागते, रंग जरा चहासारखा होतो, होऊ दे.

आणि कोजागिरीला हे करू का असं ज्यांच्या मनात आलंय त्यांना सांगते, आमच्याकडे दादाने गच्चीवर मसाला दुधाच्या पातेल्याकडे बघून हळूच तसं सुचवलं होतं, आजीने चष्म्याच्या वरून एकदाच बघितलं. आम्ही आता पुढच्या शनिवारी करतो.

गर जास्त झाला तर लिंबू मिसळून झिपच्या पिशवीत पातळ पसरून फ्रीजरमध्ये टाका, वडीसारखे तुकडे मोडून वापरता येतात. वितळवायचा असेल तर रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये नाही. मागच्या डिसेंबरात नवऱ्याने घाई म्हणून एक मिनिट फिरवला, आणि त्या रात्री परत विचारायला लागला, जेवणाआधी की नंतर.